एकाच साच्यातले दोन दांडे

१

बाळकृष्णराव वकिलांची लाल स्पिटफायर मोटार तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या रस्त्यालगतच्या कालव्यात उलटी सापडली. तीन चाकं आभाळाकडे, आणि चौथं, पुढचं डावं, मोडून लोंबत होतं. वकील गाडीखालीच होते. मुलाच्या साखरपुड्याचं पहिलं आमंत्रण ओरत्तनाडूच्या बहिणीला स्वतः जाऊन द्यायचं, तेही ऐटीत, म्हणून एरवी फक्त पुसून ठेवायची ती गाडी त्यांनी त्या सकाळी बाहेर काढली होती.

पोलिसांना या प्रकरणाचा निकाल लावायला एक पेला काफी संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. डाव्या चाकाचा उभा दांडा तुटला होता. तुटलेला दांडा जुनापुराणा होता. आणि दसऱ्यानंतर याच गाडीला इंग्लंडहून आलेले कोरे दांडे आपण बसवले, असं गॅरेजवाला रघुपती छाती ठोकून सांगत होता. मग काय, गणित सोपं झालं! डाव्या बाजूचा कोरा दांडा यानं विकून खाल्ला, भंगारातला बसवला आणि माणूस मारला. उचला त्याला.

उचललाच. आता उरला होता तो फक्त सर्वेयरचा अहवाल.

आणि सर्वेयर कोण, तर अनिरुद्धराव. वीसेक वर्षं ठोकरलेल्या मोटारी तपासून त्यांच्या विम्याचे अहवाल लिहिणारे; तंजावरात त्या कामाला दुसरा माणूसच नव्हता. मेलवीधी रस्त्यावरच्या आपल्या घरात ते झोपाळ्यावर बसले होते आणि पाठीला लाकडी फळी टोचत होती. झोपाळ्यावरची उशी कित्येक दिवस जागेवर नव्हती. बायकोनं जाताना मागे ठेवलेली, तिच्या हातच्या टाक्यांचे मोर असलेली उशी! लेकीला, अखिलाला विचारलं तर ती म्हणाली, "धुवायला टाकलीये, अप्पा." ऐन पावसाळ्यात कोणी उश्या धुतं का? पण या पोरीशी कोण हुज्जत घालणार.

बाहेरच्या तिण्ण्यावर, दारापुढच्या ओट्यावर, रघुपतीची बायको अंबा भिजल्या पदरानं बसली होती. रोज सकाळी यायची. बोलायची एकच गोष्ट.

"सार, तुमच्या एका सहीवर आहे हो सगळं. गॅरेजला सील लावलंय. माणूस आत. मी काही खोटं लिहा म्हणत नाही, पण नीट बघून तरी लिहा."

अनिरुद्धरावांना तिच्या तोंडाकडे बघवेना. खरं तर हे काम त्यांनी घ्यायलाच नको होतं. वकिलांचा मुलगा वेंकटराव म्हणजे त्यांचा होणारा जावई. अखिलाचा साखरपुडा त्याच्याशीच व्हायचा होता. पण वकिलांच्या पत्नीनं, राजलक्ष्मीबाईंनी निरोप धाडला, "परक्यानं चिरफाड करण्यापेक्षा घरच्या माणसानं केलेली बरी." नाही कसं म्हणणार? तिथंच पाय अडकला.

तेवढ्यात छत्री मिटत वेंकट आला. अंबाला पाहून तो दारातच थबकला, मग मान खाली घालून आत आला.

"मामा, इन्स्पेक्टर उद्या सकाळी आमच्या घरी येतायत. तुम्ही एवढंच लिहा, की जुना भाग बसवल्यामुळे अपघात झाला. तेवढं पुरे म्हणाले."

"मी अजून भाग बघितलासुद्धा नाही, वेंकट."

"बघायचं काय त्यात?" वेंकटचा आवाज उगाचच चढला. "तुटलाय तो."

असा हा पोरगा कधी बोलत नसे. अनिरुद्धरावांनी बॅटरी आणि भिंग घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि तडक ठाणं गाठलं.

२

ठाण्याच्या मागच्या आवारात, ताडपत्रीखाली, बिचारी स्पिटफायर चिखलात बसली होती.

आता या गाडीची एक खोड सांगायला हवी. हिच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक पोलादी उभा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे, आणि ते आटे एका पितळी ठोकळ्यात फिरतात. कारखान्याची पुस्तकं त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात, रघुपतीच्या गॅरेजात त्याला नुसतं पितळ म्हणत. चाक वळलं की दांडा पितळात फिरतो. गाडीचा पुढचा भार त्या आट्यांवर. आणि त्या पितळाला लागतं तेल, दाट गियरचं तेल. ग्रीस चालत नाही. ग्रीस वरच अडकतं, खाली पाणी शिरतं, आटे गंजतात, आणि दांडा आतल्या आत तडकत जातो.

दुसरी गोष्ट अशी, की हाच दांडा आणि हेच पितळ मद्रासेत बनलेल्या साध्या हेरल्ड मोटारीलाही असतं. ब्रेक वेगळे, पत्रा वेगळा, तोरा तर फारच वेगळा, पण हे दोन भाग एकाच साच्यातले. बाळकृष्णराव प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे, "माझ्या राणीचे पाय आणि माझ्या दासीचे पाय सारखे!" कारण त्यांच्याच शेडमध्ये स्पिटफायरशेजारी एक करडी हेरल्ड उभी असे.

अनिरुद्धराव गुडघ्यांवर बसले. तुटलेल्या दांड्याचं तोंड भिंगाखाली धरलं. कालव्याच्या पाण्यानं वर नारिंगी गंज आणला होता, तो बोटानं पुसला गेला. त्याखालचा मात्र काळा, जुना, मुरलेला. चकचकीत होती ती कडेची नखाएवढी पट्टी. म्हणजे ही भेग महिनोन् महिने आत सरकत होती, आणि अपघाताच्या दिवशी तुटली ती शेवटची नखभर जागा. पितळात वाळून दगड झालेलं ग्रीस होतं.

मग ते उजव्या चाकाकडे गेले. तिथला दांडा कोरा, पितळ तेलात न्हालेलं. आणि दांड्याच्या मागच्या बाजूला, खोबणीत, तेलाच्या थराखाली काहीतरी लाल-पिवळं. रंग नव्हता. गंज नव्हता. त्यांनी नखानं किंचित खरवडून वास घेतला. चंदन!

कोठडीच्या गजांपाशी रघुपती उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"रघुपती, दांड्याला चंदन कुणी लावलं?"

तो माणूस इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बसला. "मी, सार. पार्सल आयुधपूजेच्या आदल्या दिवशी आलं. देवीपुढे पाने-हातोड्यांच्या शेजारी चारी भाग मांडले, दोन दांडे, दोन पितळं. सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं. बसवताना मी टिळा पुसत नाही. मागल्या अंगाला वळवून बसवतो. देवीचं लावलेलं आपल्या हातानं कसं पुसावं?"

"डाव्या दांड्यालाही?"

"डाव्यालाही. मी ग्रीस वापरत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. दोन्हीकडे तेल भरलं. वकिलांनी स्वतः खाली वाकून बघितलं, मला शाबासकी दिली. आता तेच कालव्यात गेले आणि म्हणे माझ्यामुळे. सार, तो दांडा मी विकला असता तर बसणार कुणाला? डाव्याचे आटे उलटे. तो डावीकडेच बसतो, आणि तोही दुसऱ्या स्पिटफायरला नाहीतर हेरल्डला. दुसरी स्पिटफायर या जिल्ह्यात आहे कुठं?"

"हेरल्ड आहेत."

"आहेत, बोटांवर मोजण्याइतक्या." रघुपतीनं गज धरले. "जिथं तो दांडा असेल तिथं टिळा असेल, सार. शोधा. माझ्या पोराबाळांची शपथ, शोधा."

अनिरुद्धराव आवाराबाहेर आले ते थेट वकिलांच्या घराच्या वाटेला लागले. शोधायला लांब जायची गरज नव्हती. तंजावरातली एक हेरल्ड कुठं आहे, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

३

"हेरल्ड?" राजलक्ष्मीबाईंनी कपाळ आक्रसलं. "ती मेली वर्षभर जागची हालली नाही. तिचं काय पाहायचंय?"

पांढऱ्या साडीत त्या एकदम लहानखुऱ्या दिसत होत्या. घरात सुतकाची शांतता, भिंतीवर वकिलांचा हार घातलेला फोटो. वेंकट खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघून अनिरुद्धरावांना वाटलं, याला झोप नाही.

"नुसतं मोजमाप घ्यायचंय, वहिनी. दोन्ही गाड्यांचे भाग सारखे आहेत, असं अहवालात लिहावं लागेल."

"मग लिहा की. ते तर सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"बघून लिहितो."

शेडची किल्ली बाईंच्या कमरेलाच होती. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं फरशीकडे. मग किल्ली सुटली. वेंकट मात्र बरोबर आला नाही. "माझं डोकं दुखतंय, मामा," म्हणाला.

"राममूर्ती कुठंय?" अनिरुद्धरावांनी विचारलं. राममूर्ती म्हणजे घरचा ड्रायव्हर.

"दसऱ्यापासून पापनाशमला. लेकीचं बाळंतपण. मध्ये अंत्यदर्शनाला तेवढा येऊन गेला. का?"

"हेरल्डची देखभाल तोच करतो ना?"

"तोच. दर महिन्याला पंपावर नेऊन ग्रीस मारून आणायचा. पहिल्यापासून." मग बाई घाईनं म्हणाल्या, "म्हणजे पूर्वी हो. गाडी चालायची तेव्हा."

शेडमध्ये अंधारून आलं होतं. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. एका बाजूला स्पिटफायरची रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला करडी हेरल्ड. अनिरुद्धरावांनी बॅटरी लावली आणि पहिल्या झोतातच थांबले. वर्षभर न हाललेल्या गाडीच्या टायरांत कालव्याकाठचा काळा चिखल अडकलेला! बोटानं दाबला तर अजून मऊ.

त्यांनी जमिनीवर उजेड टाकला. उजव्या चाकाखाली सिमेंट कोरडं. डाव्या चाकाखाली तेलाचा डाग, वहीच्या पानाएवढा, ताजा.

या वयात गाडीखाली सरपटत जाणं काही गंमत नव्हे. कंबर कुरकुरली, सदरा मळला. उजवं पितळ ग्रीसच्या जाड थरात. डावं? स्वच्छ, सोनेरी, तेलानं ओलं. त्यांनी मान वाकडी करून दांड्याच्या मागल्या खोबणीत झोत टाकला.

तिथं टिळा होता. पिवळ्या चंदनाचा, मध्ये कुंकवाचा थेंब.

ते तसेच पडून राहिले. गाडीच्या कपाळाला आयुधपूजेला टिळा सगळेच लावतात. तिच्या पोटाखाली सरपटत जाऊन कोण लावतो? कोणी नाही. हा दांडा रघुपतीच्या देवीपुढून आला होता, स्पिटफायरला बसला होता, आणि मग कुणीतरी तो पितळासकट काढून इथं आणला होता. इथला सडलेला दांडा तिकडे गेला होता. ज्यानं कुणी हे केलं त्याला वाटलं असणार, दोन्ही एकाच साच्यातले, कोण ओळखणार!

रघुपती सुटला, असं त्यांच्या मनात आलं. इतकं हलकं वाटलं की ते गाडीखालीच हसले. बाहेर आले, हात पुसले, आणि सहज म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

सीट पार पुढे ओढलेली होती. वेंकट सहा फुटी, राममूर्ती तर ताडमाड. त्यांचे गुडघेच मावले नसते. कुणातरी बुटक्या माणसाचे पाय पोचावेत म्हणून ती ओढलेली होती. आणि सीटवर, अंगभर मोर भरलेली, त्यांच्या झोपाळ्यावरची उशी.

४

अखिला बँकेतून आली तेव्हा उशी झोपाळ्यावर होती आणि अप्पा समोर खुर्चीत. तिनं उशी पाहिली, पर्स खाली ठेवली आणि न सांगता बसली.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून." तिचा आवाज लहान झाला. "तुम्ही मला मोपेडसुद्धा घेऊ दिली नाही, अप्पा. दर वेळी कुठला ना कुठला अपघात सांगायचात. कुणाचा पाय गेला, कुणाचं डोकं फुटलं. मला शिकायची होती गाडी. वेंकट म्हणाला, मी शिकवतो. रविवारी कालव्याच्या रस्त्यानं जायचो. त्याच्या आईंना ठाऊक होतं, वकिलांना नाही. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं."

म्हणजे वर्षभर न हाललेली गाडी ती अशी! राजलक्ष्मीबाई खोटं बोलल्या ते खून लपवायला नव्हे, तर एका बापाच्या धाकापायी. अनिरुद्धरावांना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"गाडीत काही बिघाड होता?"

"दसऱ्याच्या सुमारास डावीकडून खट् खट् आवाज यायचा, वळवताना. मी घाबरले. वेंकटनं खाली बघितलं." ती आठवू लागली. "त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, आता चालवू नकोस, मी बघतो. पुढच्या रविवारी आवाज गेलेला. मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, ठीक केलं. तुला काही होऊ देणार नाही."

बाहेर पाऊस पडत होता. या मुलीला आई गेल्यापासून अप्पांचा चेहरा वाचायची सवय झाली होती.

"अप्पा, तो आवाज कुठं गेला?"

"अखिला..."

"आवाज कुठं गेला, अप्पा?"

त्यांनी सांगितलं. टिळा, तेल, ग्रीस, सगळं. ती ऐकत राहिली आणि हळूहळू दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. थंडी वाजल्यासारखी.

"म्हणजे तो मोडका दांडा माझ्या चाकातला," ती म्हणाली. "माझ्यासाठी काढला आणि त्यांना लावला."

रात्रभर दोघांचाही डोळा लागला नाही, पण दोघांनीही एकमेकांना झोपल्याचं सोंग दाखवलं. अनिरुद्धरावांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. 'दोन्ही गाड्यांचे भाग अदलाबदल करण्याजोगे असल्याने तुटलेला भाग मूळ कोणत्या गाडीचा, हे निश्चित सांगता येत नाही.' किती सभ्य वाक्य! एकही शब्द उघड खोटा नाही. वेंकट सुटला असता, साखरपुडा झाला असता. रघुपतीही कदाचित वर्षा-दोन वर्षांत पुराव्याअभावी सुटला असता. तोवर त्याचं गॅरेज, त्याची पोरं, अंबा?

खरं लिहिलं तर पोरीचं घर मोडतं, खोटं लिहिलं तर दुसऱ्याचं. मधे उभं राहायला जागाच नव्हती.

सकाळी दार उघडलं. अंबा तिण्ण्यावर आली होती. तिनं आज काही म्हटलं नाही, नुसती उठून उभी राहिली. तेच त्यांना सोसेना.

५

ते वकिलांच्या घरी पोचले तेव्हा अखिला बरोबर होती. "मी येणार," एवढंच ती म्हणाली होती. इन्स्पेक्टरांचा निरोप येऊन पडला होता: कालवा फुटलाय, तिकडे अडकलोय, अहवाल घेऊन सर्वेयरनीच ठाण्यावर यावं.

राजलक्ष्मीबाईंनी काफी पुढे केली. अनिरुद्धरावांनी पेला उचलला नाही.

"वहिनी, रघुपतीनं दोन्ही दांडे कोरे बसवले होते. डावा कोरा दांडा आज तुमच्या हेरल्डला आहे. त्यावर त्याच्या देवीचा टिळा आहे. हेरल्डचा जुना दांडा स्पिटफायरला गेला आणि तुटला."

"मग राममूर्तीचं काम असेल!" बाई एकदम म्हणाल्या.

"राममूर्ती ग्रीसशिवाय गाडी सोडत नाही. हेरल्डचं उजवं पितळ ग्रीसनं बरबटलंय, डाव्याला एक कण नाही. तो दांडा इथं आल्यापासून राममूर्तीचा हात त्याला लागलेला नाही. लागणार कसा? तो पापनाशमला."

"तो रघुपती स्वतः..."

"शेडची किल्ली तुमच्या कमरेला असते. तुम्ही ती रघुपतीला दिलीत का?"

बाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"दिली ती एकालाच, दर रविवारी. हेरल्डचा आवाज ऐकला होता दोघांनी. एक ही माझी पोरगी, हिला पाना धरता येत नाही. राहिला कोण?"

सगळे वेंकटकडे बघू लागले. तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता.

"त्याला मारायचं नव्हतं कुणाला," अनिरुद्धराव हलकेच म्हणाले. "त्यानं भेग बघितली. वकिलांकडे नवा दांडा मागायची सोय नव्हती. हेरल्डला इंग्लंडचा माल? ते हसलेच असते, आणि शिवाय गाडी कशाला हवी, हे सांगावं लागलं असतं. स्पिटफायर तर नुसती उभी. दुसरा दांडा मागवू, येईपर्यंत हा इकडे ठेवू, मग गुपचूप बदलू. असंच ना, वेंकट?"

वेंकटनं मान हलवली.

राजलक्ष्मीबाई उठल्या आणि एकदम अनिरुद्धरावांच्या पायांशी बसल्या. "नवरा गेला हो माझा. आता पोरगा पण नेता? तुमच्याच लेकीला जपायला केलं त्यानं! तिच्या जागी माझा माणूस गेला. आणि तुम्ही, तुम्ही घरचे म्हणून बोलावलं तुम्हाला..."

"उठा, वहिनी. असं नका करू." त्यांनी वाकून बाईंना हात दिला. बाई म्हणत होत्या त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

तेव्हा अखिला बोलली. ती दारापाशीच उभी होती.

"वेंकट, तू दांडा बदललास ते मला समजतं. घाबरलास माझ्यासाठी. तुझे वडील त्या दिवशी अचानक स्पिटफायर काढतील, हे तुला कुठं ठाऊक होतं? पण त्यानंतर? रघुपतीअण्णांना धरून नेलं तेव्हा तू इथंच होतास. त्यांची बायको रोज आमच्या तिण्ण्यावर बसते. काल तू तिच्या समोरून गेलास. तेव्हा का नाही बोललास?"

"तुझं नाव आलं असतं," वेंकट पहिल्यांदाच बोलला. आवाज फाटलेला. "सगळ्या गावानं म्हटलं असतं, हिच्यापायी सासरा मेला. सगळं तुझ्यासाठीच..."

"नको," अखिला म्हणाली. "दांडा माझ्या नावावर टाक. कोठडीतला माणूस टाकू नकोस."

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

६

पुरावा ठाण्यावर न्यायला हवा होता. पुरावा म्हणजे हेरल्ड. आणि चालवणार कोण? राममूर्ती पापनाशमला. अनिरुद्धरावांनी हजार मोटारी तपासल्या होत्या, चालवली एकही नव्हती. वेंकट फोटोखाली फरशीवर बसला होता, त्याच्या हाती गाडी कोण देणार?

अखिलानं किल्लीसाठी हात पुढे केला. राजलक्ष्मीबाईंनी बराच वेळ तिच्या हाताकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली सोडून तिच्या तळव्यावर ठेवली आणि तोंड फिरवलं.

सीट पुढे ओढलेलीच होती. उशी मात्र घरी राहिली होती, म्हणून अखिला मान उंचावून बसली. अनिरुद्धराव तिच्या डाव्या हाताला. मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन वेंकट. काचा बंद, बाहेर पाऊस, आत कुणाचा श्वास कुणाला चुकवता येत नव्हता.

चांगली चालवत होती पोरगी. सायकलवाल्याला सांभाळून, बसला वाट देऊन. आपल्या नकळत ही एवढं शिकली, याचा राग यावा तर छाती भरून येत होती, आणि त्याचीच लाज वाटत होती. कोपऱ्यावर तिनं चाक डावीकडे पूर्ण वळवलं. अनिरुद्धरावांनी सवयीनं कान दिला. एवढासुद्धा आवाज नाही. लोण्यासारखं वळलं. मागून वेंकटचा हुंदका ऐकू आला. अखिलानं आरशात बघितलं नाही.

ठाण्याच्या आवारात स्पिटफायरच्या शेजारी तिनं गाडी उभी केली. इन्स्पेक्टर कालव्यावरून नुकतेच परतले होते, पायांना चिखल, कपाळाला आठी. अनिरुद्धरावांनी त्यांना टिळ्याचं तेवढं सांगितलं. म्हणाले, "आधी रघुपतीला बघू द्या. ओळख त्याचीच खरी." इन्स्पेक्टर कुरकुरले, पण माणसाला बाहेर काढलं.

रघुपती आला. लुंगी आवळली, कुणाला काही न विचारता चिखलात पाठ टेकली आणि हेरल्डखाली सरकला. फक्त त्याचे अनवाणी पाय बाहेर दिसत होते. ते हालेनासे झाले.

"आहे," खालून आवाज आला. "आहे, सार. देवीनं ठेवलंय." आणि मग तो मोठ्यानं रडू लागला, गाडीखालीच.

अखिला अजून स्टिअरिंग धरून बसली होती. बोटं सुटत नव्हती. अनिरुद्धरावांनी एकेक बोट सोडवलं.

रघुपती बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर तेल, चिखल, अश्रू सगळं एक झालं होतं. पण हाडाचा मेकॅनिक तो! त्यानं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, डावीकडे-उजवीकडे फिरवलं, कान लावला. समाधानानं मान डोलावली.

"उलटे आटे असतात याचे, भल्याभल्यांना जमत नाही. नको तितका आवळतात, मग तो अडकतो." तो चाकावर थाप मारत म्हणाला. "ज्यानं बसवलाय त्यानं जीव लावून बसवलाय. कुणी बसवला हा?"

इन्स्पेक्टरांनी सर्वेयरकडे पाहिलं. अनिरुद्धरावांच्या हातात अहवालाचा कागद होता, सही करायची बाकी होती. त्यांनी तोंड उघडलं.

हेरल्डची मागची जागा दोन दारांच्या गाडीत असते तशीच अडचणीची होती, पुढची सीट वाकवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. अखिला उतरली आणि तिनं आपली सीट पुढे वाकवून धरली. वेंकट आधी एक पाय, मग दुसरा, असा पावसात येऊन उभा राहिला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. रघुपतीकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला.